कादंबरीतला इतिहास खोटा असतो का?

म्हापशेच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "ऐतिहासिक कादंबऱ्यांची मला लहानपणापासून आवड. परवा संभाजीमहाराजांवरची एक कादंबरी वाचत होते. गोव्याच्या मोहिमेत ते भरतीच्या पाण्यात घोडा घालतात, त्या पानावर डोळे भरून आले. भाचा कॉलेजात इतिहास शिकतो. तो म्हणाला, मावशी, हे सगळं रचलेलं असतं, खरा इतिहास वाच. त्याने दिलेलं पुस्तक उघडलं तर वीस पानांत डोळे मिटायला लागले. आता कादंबरी हातात घ्यावीशी वाटत नाही आणि इतिहास वाचवत नाही. काय करू?"

ताई, तुमचा प्रश्न एक आहे आणि दुखणं दुसरं. कादंबरी वाचू की इतिहास, हा प्रश्न. दुखणं असं की ज्या पानावर तुम्ही रडलात, ते कोणीतरी मनाने लिहिलेलं आहे हे कळलं आणि आपली फसवणूक झाली असं तुम्हाला वाटलं. हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. फोंड्याजवळच्या एका गावातल्या वाचनालयात मी सत्तावीस वर्षं पुस्तकांची देवघेव सांभाळली. त्याआधी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा वाचक एका ठरावीक टप्प्यावर येऊन थांबतो आणि बहुतेक वेळा तो असा कोणाच्या तरी एका वाक्यानेच थांबतो. काहीजण मग वाचणंच सोडतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. त्या काळात चार दिवस राहून यावं एवढ्यासाठी वाचत असाल तर चांगली कादंबरी पुरे. कोणालाही हिशेब देण्याची गरज नाही. वाचलेलं तुम्ही मुलांना सांगणार असाल, कुठे भाषणात किंवा वादात वापरणार असाल, तर कादंबरी पुरत नाही. आणि तुमच्या घरात, गावात, देवळात किंवा इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये त्या घटनेची आठवण अजून जिवंत असेल तर वाचणं आणखी नाजूक होतं. गोव्यात हे तिसरं फार वेळा घडतं.

आता तुमच्या पानाकडेच येऊ, कारण ते पान आपल्या गोव्यातलंच आहे.

१६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. संभाजीमहाराज स्वतः मदतीला आल्यावर त्याला वेढा उठवून, नुकसान सोसून मागे फिरावं लागलं. त्यानंतर २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांची तुकडी ओहोटीचा फायदा घेऊन जुवें बेटावर उतरली आणि तिथला किल्ला घेतला. जुवें म्हणजे आजचं सांत इस्तेव, सात शिरांच्या भेंडीचं गाव. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय बेट परत घ्यायला खाडी ओलांडून गेला. त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि तो स्वतः जखमी होऊन कसाबसा परतला. एवढं सगळं पोर्तुगिजांच्याच कागदांत आहे. आपला पराभव कोणी हौसेने लिहून ठेवत नाही, म्हणून या कबुलीला मी फार वजन देतो.

महाराजांनी पळणाऱ्यांच्या मागे भरतीच्या पाण्यात घोडा घातला, घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी टाकून त्यांना वाचवलं, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. आता खंडो बल्लाळ कोण? बाळाजी आवजी चिटणीसांचा मुलगा. बाळाजी आवजींना संभाजीमहाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून मारलं होतं. बापाला मारणाऱ्या राजाला मुलाने दोनच वर्षांत पाण्यातून वर काढलं. कादंबरीकाराला एवढं मिळालं की तो झोपत नसणार! त्या मुलाच्या मनात काय चाललं होतं, हात पुढे करताना बापाचा चेहरा आठवला का, हे कुठल्याही कागदात सापडणार नाही. तिथून पुढे कादंबरीकाराचा मुलूख.

याच खंडो बल्लाळांच्या वंशातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी पुढे १८१० च्या सुमारास बखर लिहिली. या घटनांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्या बखरीत संभाजीमहाराजांचं जे व्यसनी, तापट, अविचारी चित्र रंगलं, तेच नंतर दीर्घकाळ नाटकांनी आणि कथा-कादंबऱ्यांनी उचललं. वा. सी. बेंद्र्यांनी समकालीन कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र छापलं, तेव्हा ते चित्र पालटायला लागलं. मग कादंबऱ्याही पालटल्या. तुम्ही ज्या संभाजीमहाराजांसाठी रडलात ते तुमच्या आजीच्या पिढीच्या नाटकांत फारसे सापडले नसते. दोन्ही वेळच्या लेखकांनी आपापल्या परीने प्रामाणिकपणेच लिहिलं असेल, पण त्यांच्या हाताशी असलेला इतिहास वेगळा होता.

म्हणून भाच्याला सांगा, "रचलेलं" हा शब्द पुरेसा नाही. त्या एका पानात निदान तीन थर आहेत. जुव्याची लढाई आणि व्हाइसरॉयची जखम: कागदावर आहे. खंडो बल्लाळांची उडी: परंपरेत आहे आणि ती ज्या घराण्याच्या अभिमानाची गोष्ट आहे, तेही आपल्याला माहीत आहे. पाण्यात बुडताना झालेलं बोलणं: लेखकाचं. तुम्ही बहुधा तिसऱ्या थरावर रडलात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो तिसरा थर आहे, एवढं लक्षात असू द्या.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, चुकीने शिकलो. शाळेत असताना एकदा शिवजयंतीला मी एका कादंबरीतला संवाद महाराजांचे शब्द म्हणून मुलांपुढे जोशात म्हटला. नववीतल्या एका मुलीने नंतर येऊन विचारलं, "सर, हे महाराज बोलले तेव्हा कोण लिहून घेत होतं?" तिने खोडसाळपणे विचारलं नव्हतं, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी कपाटातली पुस्तकं काढून बसलो तेव्हा कळलं की तो संवाद मी इतक्या वेळा वाचला होता की माझ्या मनात त्याचा दस्तऐवज झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी चूक सांगितली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला मी तोच प्रश्न विचारतो: हे याला कसं कळलं?

हा प्रश्न कादंबरीला विचारायचा तसाच इतिहासाच्या पुस्तकालाही विचारायचा, आणि भाच्याचं इथे थोडं चुकतं. इतिहासाचं पुस्तकही माणसानेच लिहिलेलं असतं, माणसांनी लिहिलेल्या कागदांवरून. जुव्याचंच पुढचं पाहा. मराठ्यांच्या फौजा गोव्याच्या साष्टी आणि बार्देश या भागांत शिरल्या तेव्हा व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हातात दिला आणि राज्य त्याच्या हवाली केलं. १६८४ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी मोगल फौज घेऊन या भागात येऊन पोचला आणि संभाजीमहाराजांना निघावं लागलं. गोवा वाचला. श्रद्धाळू माणूस म्हणतो, संताने वाचवला. इतिहासकार मोगल फौजेकडे बोट दाखवतो. मी इतिहासकाराचं मानतो, पण त्या श्रद्धेची टिंगल करत नाही. सगळं हातचं गेलं असं वाटल्यावर राज्याचा सर्वोच्च अधिकारी मध्यरात्री एका शवापुढे गुडघे टेकतो, हाही इतिहासच आहे. त्या दिवसांत पणजीपासून जुन्या गोव्यापर्यंत किती भीती पसरली असेल, हे त्या एका कृतीवरून जितकं कळतं तितकं सैन्याच्या आकड्यांवरून कळत नाही.

हे सगळं आपल्याला मराठीत वाचायला मिळतं त्याचं मोठं श्रेय पांडुरंग पिसुर्लेकरांना जातं. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे हे गृहस्थ पोर्तुगीज राजवटीतच पणजीच्या पुराभिलेखागाराचे, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या दप्तराचे, प्रमुख झाले. हे अभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झालं आणि पहिला अभिलेखपाल होता इतिहासकार दियोगु दु कौतु. तिथे मान्सूनच्या नावाच्या जाडजूड बांधण्या आहेत. लिस्बनशी होणारी पत्रं पावसाच्या वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांबरोबर जात-येत, म्हणून ते नाव. शेजारच्या राजांना पाठवलेल्या पत्रांच्या नकलांच्या वह्या वेगळ्या आहेत. पिसुर्लेकरांनी आयुष्य या कागदांत घातलं आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुस्तक आपल्यासाठी ठेवलं. हे पुस्तक वाचताना माझ्या मनात नेहमी येतं की एकाच व्हाइसरॉयने लिस्बनच्या राजाला लिहिलेलं पत्र आणि शेजारच्या मराठी सरदाराला लिहिलेलं पत्र यांत किती अंतर असेल. वरच्याला हिशेब द्यायचा, म्हणून शत्रूची संख्या फुगते. शेजाऱ्याला दबवायचं, म्हणून आपली फुगते. दोन्ही पत्रं अस्सल, सही-शिक्क्याची. अस्सल कागदातही माणूस आपल्याला हवं ते बोलू शकतो.

साक्षीदार समोर होता का, आणि त्याने किती दिवसांनी लिहिलं, हेही बघावं. पानिपताच्या काशीराजाचंच उदाहरण घ्या. तो अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी, लढाईच्या वेळी तिथेच हजर. पण त्याने वृत्तांत लिहिला १७८० मध्ये, लढाईनंतर १९ वर्षांनी. एकोणीस वर्षांत आपण स्वतःच्या लग्नातल्या गोष्टीही उलटसुलट सांगायला लागतो! तरी तो टाकाऊ नाही. त्याच्या शेजारी लढाईनंतर लगेच निघालेली पत्रं ठेवायची आणि दोन्ही मिळून वाचायची.

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण कादंबरी कशासाठी असते हे मला तिथे कळलं.

जुलै १५८३. रुदोल्फ आक्वाव्हिव्हा नावाचा जेजुइट पाद्री, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता, तो आणि त्याचे चार सहकारी कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा बघायला गेले. त्याआधी त्या भागातली देवळं पाडली गेली होती. गावकऱ्यांनी हल्ला केला आणि पाचही पाद्री मारले गेले. त्यांच्याबरोबरचे आणखी काहीजणही गेले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुख गांवकारांना, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांना, बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. एकजण निसटला, असं सांगतात.

पाच पाद्र्यांबद्दल तुम्हाला हवं तेवढं वाचायला मिळेल. त्यांची कुळं, शिक्षण, पत्रं, शेवटचे क्षण, सगळं त्यांच्या संघाने जपून ठेवलं. १८९३ मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केलं. गांवकारांच्या बाजूने लिहिलेलं जवळजवळ काही नाही. ज्यांनी लिहिलं असतं तेच किल्ल्यात गेले. म्हणजे एकाच घटनेची एक बाजू कागदांनी भरलेली आणि दुसरी कोरी. नुसते कागद वाचणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्याचं पुस्तक एका बाजूला झुकणारच.

पण ती बाजू पूर्ण कोरीही नाही. कुंकळ्ळीची देवी, कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा, फातर्पे गावी गेली. दर वर्षी ती छत्र्यांच्या उत्सवात फातर्प्याहून कुंकळ्ळीला आपल्या मूळ जागी परत येते. रंगीबेरंगी बारा छत्र्या, बारा वांगडांच्या म्हणजे कुळांच्या, गुलालात न्हालेल्या. हे लिहिलेलं नाही, पण दर वर्षी सगळ्यांसमोर वाचलं जातं. आमच्या वाचनकट्ट्यावर एकदा आम्ही या घटनेचं प्रकरण मोठ्याने वाचत होतो. एक वयस्क बाई नेहमी मागच्या बाकावर बसायच्या, कधी बोलायच्या नाहीत. त्यांचं माहेर त्या बाजूचं. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "किल्ल्यात गेलेल्यांच्या घरी त्या रात्री जेवण कोणी वाढून ठेवलं असेल, ते कोणी लिहिलं आहे का?"

कोणी लिहिलेलं नाही. आणि कागदावरून कोणी लिहूही शकणार नाही. आसोळण्याला गेलेले पुरुष परतले नाहीत, त्या रात्री कुंकळ्ळीतल्या घराघरांत बायका दारात दिवा ठेवून बसल्या असतील, एवढं आपण समजू शकतो आणि त्यापुढे इतिहासकाराने हात आखडता घ्यायलाच हवा. कादंबरीकाराने मात्र त्या घरात शिरावं. नुसती परवानगी आहे म्हणून नव्हे. मला तर वाटतं ते त्याचं कर्तव्य आहे. त्याने त्या बाईला नाव द्यावं, तिच्या चुलीवर काय शिजत होतं ते सांगावं. फक्त तिच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, लाल मिरची घालताना विचार करावा! मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर १६ व्या शतकात आली. १५८३ च्या घरात ती पोचली असेल किंवा नसेलही. पण त्याच्या कितीतरी आधीच्या, गोव्याच्या कदंब राजांच्या काळातल्या स्वयंपाकघरात ती निश्चित नव्हती आणि मी ती तिथे छापलेली वाचली आहे. मिरी, तिरफळं, सोलं घातली असती तर काही बिघडलं नसतं. ही बारीक चूक वाटेल, पण माझा अनुभव असा की मिरची चुकवणारा लेखक पुढे मोठ्या गोष्टीही चुकवतो. ज्याने चूल तपासली, त्याने बहुधा तहही तपासलेला असतो.

कादंबरी हातात घेताना मी आणखी दोन गोष्टी पाहतो. पहिली आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते, म्हणजे त्या वेळी कोणता इतिहास छापलेला होता हे कळतं. आणि प्रस्तावना. आपल्याकडे बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात, हे फार वाईट. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ते मुळात त्यांनी लेखकाला लिहिलेलं लांबलचक पत्र. शिवाजीमहाराजांकडे इतिहास म्हणून कसं पाहावं, हे त्यात आहे. म्हणजे त्या एकाच पुस्तकात एक विचारवंत आणि एक कादंबरीकार समोरासमोर बसलेले आहेत. प्रत्येक कादंबरीला असं भाग्य मिळत नाही, पण लेखकाने आपण काय बदललं आणि का, हे दोन पानांत सांगितलं असेल तर माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. सगळं काही अस्सल कागदांवरून लिहिल्याचा दावा करणाऱ्या कादंबरीपाशी मी जास्त जपून असतो.

आता वीस पानांत येणाऱ्या झोपेबद्दल. यात तुमचा दोष नाही. इतिहासाचं पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवतच नाही. मी शेवटून सुरुवात करतो. शेवटी नावांची सूची असते. त्यात आपलं गाव शोधा. म्हापसा शोधा, बार्देश शोधा, तुमचं माहेर शोधा. जिथे सापडेल ती चार-पाच पानं वाचा. मग त्याच्या आधीचं प्रकरण. असं आतून बाहेर गेलं की पुस्तक जवळचं होतं. पोर्तुगीज कागदांवर आधारलेल्या पुस्तकांत नावं वेगळी असतात, तेवढं ध्यानात ठेवा. डिचोलीचं बिशोलीं, पेडण्याचं पेर्नें, जुव्याचं सांत इस्तेव. संभाजीमहाराजांचं नाव सांबाजी, शिवाजीमहाराजांचं सेव्हाजी.

एक सापळा मात्र सगळ्यांना पडतो, मलाही पडला होता. साष्टी दोन आहेत. एक आपली, मडगांवची. दुसरी ठाण्या-वसईकडची. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली असं वाचाल तर ती ठाण्याची. वसईचा वेढा चालू असतानाच १७३९ च्या सुरुवातीला मराठी फौज आपल्या साष्टीतही उतरली होती, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो. पान वाचताना शेजारी नकाशा उघडा ठेवला की हे होत नाही.

तारखांचंही तसंच. १७ व्या शतकातले पोर्तुगीज नवं कॅलेंडर वापरत होते, इंग्रज १७५२ पर्यंत जुनंच. दोन्हींत तेव्हा १० दिवसांचं अंतर. जुव्याची २४ नोव्हेंबरची रात्र एखाद्या इंग्रज वखारवाल्याने लिहिली असती तर त्याच्या वहीत १४ नोव्हेंबर पडली असती. दोन पुस्तकांत वेगळी तारीख दिसली म्हणून लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

तळटिपा वाचायला शिका. सुरुवातीला कंटाळा येईल. पण एकदा सवय लागली की तिथेच गंमत असते. वरच्या मजकुरात इतिहासकार ठामपणे बोलतो आणि खाली बारीक टायपात कबूल करतो की हे एकाच बखरीवर आधारलेलं आहे. तुमच्या प्रश्नाचं, हे याला कसं कळलं याचं, उत्तर त्या बारीक टायपात असतं. मी पेन्सिलने समासात खुणा करतो. कागदावरून आलेल्या गोष्टीला उभी रेघ, लेखकाच्या अंदाजाला गोल. कादंबरीत करतो, इतिहासातही करतो. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र करू नका, वेगळ्या वहीत पान नंबर लिहा. इतिहासाच्या पुस्तकातही गोल किती निघतात ते पाहून भाचा चकित होईल. चांगल्या इतिहासकाराला अंदाज करावाच लागतो. फरक एवढाच की तो अंदाज आहे हे तो सांगतो आणि कशावरून केला ते दाखवतो.

भाच्यावर रागावू नका. कॉलेजात त्याला नुकतंच कळलं असेल की जे वाचलं ते सगळं तसंच घडलेलं नसतं, आणि ते कळल्याच्या पहिल्या वर्षात माणूस असाच बोलतो. त्याला बरोबर घ्या. आमच्या कट्ट्यावर आम्ही हेच करतो. एक घटना निवडायची, छोटी. त्याच पंधरवड्यात तिच्यावरचं कादंबरीतलं प्रकरण आणि इतिहासातलं प्रकरण, दोन्ही वाचायची. मोठ्याने, एका बसणीत जमलं तर उत्तम. क्रम मात्र आधी कादंबरी, मग इतिहास. उलट केलं तर कादंबरी वाचताना माणूस चुका मोजत बसतो आणि आत शिरतच नाही. आधी आत शिरायचं, रडायचं असेल तर रडायचं, आणि मग कागद घेऊन विचारायचं की यातलं काय टिकतं. जे टिकत नाही ते टाकायचं नाही. ते लेखकाच्या खात्यावर ठेवायचं.

तुम्हा दोघांसाठी घटना तयारच आहे. तुमच्या कादंबरीतलं ते पान, आणि पिसुर्लेकरांचं संभाजीमहाराजांच्या काळावरचं प्रकरण. पुस्तक विकत मिळालं नाही तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा. १८३२ मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि ज्याचं नाव त्याला दिलं आहे त्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये गोव्यात मराठीत कृष्णचरित्र लिहिलं होतं. तिथले कर्मचारी गोव्यावरच्या जुन्या पुस्तकांसाठी मदत करतात, संकोच न करता विचारा.

दोन्ही वाचून झालं की एखाद्या रविवारी भाच्याला घेऊन जुव्याला जा. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. वरून चारही बाजूंचं पाणी दिसतं, आणि त्या रात्री ओहोटीची वाट का पाहावी लागली असेल हे कुठल्याही पुस्तकाशिवाय समजतं. मी गेलो होतो तेव्हा भरती चढत होती. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला पाणी लागलेलं, पाणी अडवणाऱ्या मानशीच्या दारांवर दाब आलेला. अर्ध्या तासात जिथे चिखल होता तिथे माणूसभर पाणी झालं. मी तिथे उभा राहून कादंबरीतलं तेच पान पुन्हा वाचलं. लेखकाने पाण्याचा वेग बरोबर लिहिला होता. बोलणं त्याचं स्वतःचं होतं, ते मला माहीत होतं, आणि तरी माझा गळा भरून आला. तुम्ही भरतीच्या वेळा आधी पाहून जा, आणि पाणी चढत असताना वर असा.